एका मिलिसेकंदात हरवलेला माग

पत्राचा सारांश: सोलापूरचे एक वाचक, वय ३१. पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी घरी परतले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी त्यांनी एकट्याने यंत्रणा उभारली. ९६ रेपियर माग, प्रत्येकावर सेन्सर. दर ५ सेकंदांनी रीडिंग येतं: मागच्या रीडिंगपासून किती पिक (आडवे धागे) पडले, वेग किती, माग चालू की थांबलेला. हे सगळं तीन सर्व्हरवरच्या कॅसांड्रा या डेटाबेसमध्ये जातं. दसऱ्याला यंत्रणा सुरू झाली, आता दहा आठवडे झाले. रात्रपाळीचा रिपोर्ट मागितला की टाइमआउट येतो. थांबलेल्या मागांची स्क्रीन दर नऊ-दहा दिवसांनी कोरी पडते, मग टेबल ट्रंकेट, म्हणजे पूर्ण रिकामं, करावं लागतं. ‘काम झालं’ म्हणून काढलेले अलर्ट कधीकधी परत उगवतात. मालक म्हणतात, गड्डा (सोलापूरची जानेवारीतली यात्रा) संपायच्या आत नीट करा, नाहीतर पुण्याची कंपनी बोलावतो. चौथा सर्व्हर घ्यावा, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जावं, की हात वर करून मोकळं व्हावं, असा त्यांचा प्रश्न आहे. वडील साखर पेठेत सुताच्या दुकानात दिवाणजी होते. ‘त्यांच्या वहीत कधी एक पैसा चुकला नाही आणि माझ्या यंत्रणेत रोज काहीतरी चुकतं,’ असं ते लिहितात. शेवटी ताजा कलम आहे: ‘दिवसाला १६,५८,८८० रीडिंग यायला हवीत, पंधरा-सोळा हजार कमी भरतात. सेन्सर बसवणाऱ्याशी यावरून माझं भांडण झालं आहे. पण तो विषय वेगळा.’

नमस्कार,

तो विषय वेगळा नाही. तुमचं पत्र मी आधी सरळ वाचलं, मग शेवटाकडून वाचलं, आणि शेवटाकडून वाचल्यावर ते जास्त कळलं. स्क्रीन अडकते, रिपोर्ट येत नाही, ही दुखणी ओरडून सांगतात म्हणून तुम्ही ती वर लिहिलीत. ताजा कलमातलं दुखणं गप्प आहे. मला भीती त्याचीच वाटते, म्हणून सुरुवात तिथून करतो.

तुमच्या टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख) तुम्ही पत्रात दिली आहे: कारखाना ही पार्टिशन की (ओळ कोणत्या गठ्ठ्यात जाणार ते ठरवणारी), वेळ हा क्लस्टरिंग कॉलम (गठ्ठ्यातला क्रम ठरवणारा). मागाचा नंबर कीमध्ये नाही, तो नुसता बाजूचा कॉलम आहे. म्हणजे कॅसांड्राच्या लेखी एका कारखान्यात एका क्षणी एकच ओळ असू शकते. आता समजा सकाळचे ९ वाजून १२ मिनिटं ४०.२१५ सेकंद झाले आहेत. २२ नंबरच्या मागाचं रीडिंग आलं, २० पिक. ओळ लिहिली गेली. त्याच मिलिसेकंदाचा शिक्का घेऊन ७१ नंबरचं रीडिंग आलं, १८ पिक. की तीच. कॅसांड्रा ‘ही ओळ आधीच आहे’ असं म्हणत नाही. तिथे इन्सर्ट आणि अपडेट यांत फरकच नाही, असेल तर बदलायचं, नसेल तर घालायचं. २२ च्या जागी ७१ बसला. एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही. २२ नंबरचे ते २० पिक कुणीच विणले नाहीत.

मिलिसेकंद इतका बारीक असताना असं कितीदा होणार, असं तुम्हाला वाटेल. कागदावर करून बघा. ९६ मागांच्या जोड्या होतात ४,५६०. पाच सेकंदांत मिलिसेकंद ५,०००. एखादी जोडी एकाच मिलिसेकंदात पडण्याची शक्यता पाच हजारात एक. म्हणजे दर पाच सेकंदांच्या फेरीत सरासरी ०.९१ रीडिंग पुसलं जाणार. दिवसात अशा फेऱ्या १७,२८०. गुणाकार येतो जवळपास १५,७६०. तुमचे ‘पंधरा-सोळा हजार’ हेच. सेन्सरवाला बिचारा बरोबर होता.

आता यातला जो भाग मला टोचतो तो सांगतो. तुम्ही लिहिलंय की पाळीच्या पिकांची बेरीज करून विणकरांचा इन्सेंटिव्ह काढला जातो. सेन्सर एकूण आकडा पाठवत असता, गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखा, तर मधलं एखादं रीडिंग गळून काही बिघडलं नसतं. पण तुमचं रीडिंग ‘मागच्या वेळेपासून किती’ असं आहे. गळालं ते गळालं. दहा आठवडे विणकरांच्या कामातला साधारण शंभरातला एक भाग हिशोबात आलेला नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरात महिन्याच्या पगारात थोडेसे रुपये कमी आले, आणि ‘कॉम्प्युटरने काढलंय’ म्हटल्यावर कुणी वाद घातला नसेल. रिपोर्ट दहा सेकंद उशिरा आला तर मालक चिडतात, एवढंच. तेव्हा क्रम बदला. आधी गळती, मग वेग.

गळती बुजवायला मागाचा नंबर कीमध्ये आणावा लागेल, आणि कॅसांड्रात चालू टेबलाची प्रायमरी की बदलता येत नाही. नवं टेबल करावंच लागतं. ही सक्ती मला तुमच्या फायद्याची वाटते. नवं टेबल करायचंच आहे तर ते कोणत्या प्रश्नासाठी, याचा विचार आपोआप होतो.

तो विचार सुरुवातीला झाला नाही, कारण कॉलेजात आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली जाते: माहिती एकदाच लिहायची, दोनदा लिहिणं म्हणजे गुन्हा. टेबलं नीट मांडा, प्रश्न काय हवे ते नंतर विचारा. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल यांच्या दुनियेत ते खरंही आहे. कॅसांड्राचा जन्मच वेगळ्या गरजेतून झाला. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तो फेसबुकमध्ये इनबॉक्समधल्या शोधासाठी बांधला आणि २००८ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. काय विचारलं जाणार, हे तिथे आधीच ठाऊक होतं. जॉइन (दोन टेबलं जोडून विचारणं) नाही, मनात येईल तो प्रश्न नाही. मात्र ठरलेला प्रश्न कितीही माणसांनी विचारला तरी उत्तर झटकन.

हे तुम्हाला नवं वाटत असेल तर वडिलांना विचारा. सुताच्या दुकानात एक व्यवहार किती वह्यांत लिहायचे? कीर्दीत तारखेनुसार आणि खतावणीत खात्यानुसार. तोच माल, तीच रक्कम, दोनदा. का? ‘काल काय झालं?’ याचं उत्तर कीर्द देते, ‘अमक्याकडून येणं किती?’ याचं खतावणी. कीर्दीची पानं उलटून एखाद्या गिऱ्हाइकाची बाकी काढता येते, पण तोवर गिऱ्हाईक उठून जातं. दोनदा लिहिण्याचे कष्ट रोज थोडे थोडे घ्यायचे आणि विचारलं की बोट ठेवायचं. तुम्ही ९६ मागांसाठी फक्त कीर्द ठेवलीत आणि तिला खतावणीचे प्रश्न विचारताय.

तुमचा रात्रपाळीचा रिपोर्ट बघा. १४ नंबरच्या मागाची एक पाळी हवी. पाळी ८ तासांची, रीडिंग ५,७६०. कारखाना आणि वेळ यांवरून कॅसांड्रा त्या आठ तासांपाशी पोचतो, पण तिथे ९६ मागांची खिचडी आहे, ५,५२,९६० ओळी. त्या सगळ्या वाचायच्या आणि पंचाण्णव मागांच्या टाकून द्यायच्या. कॅसांड्राने सुरुवातीला नकार दिला असणार, आणि तुम्ही क्वेरीच्या शेपटाला ‘अलाऊ फिल्टरिंग’ लावून त्याला गप्प केलंत. (मीही केलंय. एका जुन्या नोकरीत माझ्या अशाच एका क्वेरीने शनिवारची रात्र खाल्ली होती.) दुकानाचं नाव माहीत नसताना चाटी गल्लीत शिरून प्रत्येक दुकानात ‘माझं कापड इथेच घेतलं होतं का हो?’ विचारत जावं, तसा हा प्रकार. रीडसाठी मूळ मुदत ५ सेकंदांची असते. ती वाढवून दहा केलीत तर आजचा रिपोर्ट येईल, पण गल्ली रोज लांबतेय.

किती लांबली तेही पाहू. कारखाना हीच पार्टिशन की, म्हणजे दसऱ्यापासूनची सगळी ११ कोटींवर रीडिंग एकाच पार्टिशनमध्ये. एका ओळीला ढोबळ ५० बाइट धरले तर दिवसाला ८३ एमबी. पार्टिशन १०० एमबीच्या आत ठेवावं असा या धंद्यातला रिवाज आहे, तो तुम्ही दुसऱ्याच दिवशी मोडलात. आता ते पाच जीबीच्या पुढे असेल. कॅसांड्रासोबत येणाऱ्या नोडटूलमधलं टेबलहिस्टोग्राम्स चालवून सगळ्यात मोठ्या पार्टिशनचा आकार बघा, माझ्या बोलण्यावर विसंबू नका.

म्हणूनच चौथ्या सर्व्हरला माझा साफ नकार आहे. सर्व्हर वाढले की पार्टिशनं वाटली जातात, एक पार्टिशन काही फोडलं जात नाही. तुमचा रेप्लिकेशन फॅक्टर ३ आहे, म्हणजे प्रत्येक पार्टिशनच्या तीन प्रती, आणि पार्टिशन एकच. चार सर्व्हर झाले तरी ते तिघांवरच राहणार आणि चौथा पंख्याची हवा खात बसणार. मालकांचे पैसे गेल्यावर हे कळलं तर गड्ड्यापर्यंत थांबावंसुद्धा लागणार नाही.

तर वह्या. तुमच्या पत्रातून मला तीन प्रश्न दिसले, म्हणून तीन टेबलं.

पहिलं, एका मागाचा तपशील. पार्टिशन की माग आणि दिवस मिळून, क्लस्टरिंग वेळेवर. एका पार्टिशनमध्ये १७,२८० ओळी, एक एमबीसुद्धा नाही. २२ आणि ७१ आता वेगळ्या घरात राहतात, मिलिसेकंद जुळला तरी भांडण नाही. इथे एक खड्डा आहे. कॅसांड्रा वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो. ‘दिवस’ही यूटीसीवरून काढलात तर तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलेल, ऐन रात्रपाळीत. दिवस भारतीय वेळेने ठरवा आणि तो तुमच्या प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी ठरवा. तरी रात्री ११ ते सकाळी ७ ही पाळी दोन दिवसांत पडणारच. दोन पार्टिशनं वाचायची आणि जोडायची, त्यात कमीपणा नाही. पाळीचा दिवस ती सुरू झाल्याच्या तारखेवर धरला तरी चालेल, तुमच्या कारखान्यात हजेरीपत्रक कसं भरतात ते मुकादमाला विचारा आणि तसंच करा.

हा तपशील कायमचा ठेवायची गरज नसावी. नव्वद दिवसांचा टीटीएल (ओळ आपोआप जाण्याची मुदत) लावा, कॉम्पॅक्शन (फाइली एकत्र करण्याची पद्धत) टाइम विंडो प्रकारचं, खिडकी तीन दिवसांची. नव्वद दिवसांच्या तीस खिडक्या होतात, जुनी खिडकी संपली की फाइलच्या फाइल जाते.

दुसरं टेबल पाळीच्या बेरजांचं. पार्टिशन कारखाना आणि महिना, आत तारीख, पाळी, माग. महिन्याला ३० गुणिले ३ गुणिले ९६, म्हणजे ८,६४० ओळी. मालकांचा सकाळचा फोन, विणकरांचा इन्सेंटिव्ह, सगळं इथून. पाळी संपली की एक छोटा प्रोग्राम पहिल्या टेबलातून बेरीज करून इथे लिहील. काउंटर कॉलमचा, म्हणजे आकडा जागेवरच वाढवत नेण्याचा, मोह होईल, टाळा. नेटवर्क अडखळलं, प्रोग्रामने पुन्हा प्रयत्न केला, तर काउंटर दोनदा वाढू शकतो. बेरीज करून लिहिलेला आकडा दहादा लिहिला तरी तोच राहतो. पगाराचा आकडा आहे, इथे हुशारी नको.

तिसरं टेबल तुमच्या कोऱ्या स्क्रीनसाठी, आणि इथे जरा थांबतो, कारण कॅसांड्रा वापरणाऱ्या निम्म्या लोकांना या खड्ड्यात पडलेलं मी पाहिलंय.

माग थांबला की तुम्ही अलर्टची ओळ घालता, जॉबरने धागा जोडून माग सुरू केला की ती डिलीट करता. वाचताना वाटतं, टेबलात कधीही दहा-वीसच ओळी असणार. पण कॅसांड्रात डिलीट म्हणजे पुसणं नव्हे, ‘ही गेली’ अशी नवी नोंद करणं. तिला टूम्बस्टोन म्हणतात, थडग्याचा दगड. हा उपद्व्याप कशाला? समजा घरच्या लग्नाची आमंत्रणयादी तीन भावांकडे तीन प्रतींत आहे. एक नाव रद्द झालं. दोघांनी ते रबराने खोडलं, तिसरा विजापूरला गेला होता. तो परतल्यावर याद्या जुळवायला बसतात. त्याच्याकडे एक नाव जास्त आहे. ते नव्याने जोडलंय की आपण खोडलं होतं? दोघांच्या कागदावर खूणच नाही. नाव परत यादीत येणार आणि नको असलेला पाहुणा पंगतीला बसणार. नावासमोर ‘रद्द’ लिहिलं असतं तर घोटाळा झाला नसता. ते ‘रद्द’ किती दिवस जपायचं, तर ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. ही मूळ मुदत आहे.

आता तुमचे आकडे. तुम्ही म्हणता एक माग दिवसात सरासरी ११० वेळा थांबतो, ताण्याचा धागा तुटला, बाणा संपला. ९६ मागांचे १०,५६० अलर्ट, तेवढेच दगड. तुमची स्क्रीन दर तीन सेकंदांनी ‘चालू अलर्ट दाखव’ म्हणते, तेव्हा कॅसांड्रा वीस जिवंत ओळी शोधायला ते सगळे दगड ओलांडत जातो. एका क्वेरीत हजार दगडांवर तो लॉगमध्ये बजावतो, एक लाखावर वाचायलाच नकार देतो. एक लाखाला १०,५६० ने भागा. साडेनऊ दिवस. तुमची स्क्रीन ‘दर नऊ-दहा दिवसांनी’ कोरी पडते ती अशी, अगदी पंचांगाप्रमाणे. खात्री हवी असेल तर सीक्यूएल शेलमध्ये ट्रेसिंग ऑन करून तीच क्वेरी चालवा. जिवंत ओळी किती आणि टूम्बस्टोन किती, ते एका ओळीत लिहून येईल.

दहा दिवसांची मुदत कमी करा असा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. करू नका, निदान रिपेअर (तिन्ही प्रती जुळवून घेणं) नियमाने चालवत नसाल तोवर. मुदतीत रिपेअर झाला नाही तर विजापूरचा भाऊ परत येतोच.

त्यापेक्षा डिलीटच काढून टाका. अलर्ट जन्मतो आणि मरतो असं न धरता मागाची सद्यस्थिती धरा. टेबल: पार्टिशन कारखाना, आत माग, एका मागाची एक ओळ. चालू, थांबला, कधीपासून, का. थांबला की त्याच ओळीवर लिहायचं, सुरू झाला की त्याच ओळीवर. इथे तुम्हाला जुन्यावर नवं बसलेलंच हवं आहे. स्क्रीनने ९६ ओळी वाचायच्या आणि थांबलेले कोणते ते तुमच्या प्रोग्रामने निवडायचे. स्टेटस कॉलमवर इंडेक्स टाकू नका, ९६ ओळींना इंडेक्स म्हणजे एकत्र कुटुंबाला टोकन वाटण्यासारखं. एक काळजी घ्या: रिकामे कॉलम नल (रिकामी किंमत) म्हणून लिहू नका. नल लिहिणं हेसुद्धा टूम्बस्टोनच. कारण नसेल तर ‘काही नाही’ असा शब्द लिहा; कॉलम नुसता गाळलात तर जुनंच कारण तिथे राहील.

परत उगवणारे अलर्ट. तुमचा प्रोग्राम ज्यातून कॅसांड्राशी बोलतो त्या ड्रायव्हरची मूळ पातळी लोकल वन असते, तुम्ही ती बदललेली दिसत नाही. लिहिताना तिघांपैकी एकाने होकार दिला की झालं, वाचताना कुणा एकाला विचारलं की झालं. ज्याच्यापर्यंत डिलीट पोचलं नव्हतं त्याला विचारलंत तर तो जुनंच सांगणार. लिहिणं आणि वाचणं दोन्ही क्वोरमवर, म्हणजे बहुमतावर, न्या. दोघांनी लिहिलं, दोघांना विचारलं, तर निदान एक तरी दोन्हीकडे सामाईक निघतो. वेगात फरक पडेल तो तुमच्या कामात जाणवणारही नाही.

जाता जाता घड्याळाचं. सेन्सरची रीडिंग गोळा करणारे तुमचे डबे रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरचे आहेत. त्यात बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि नेट यायला उशीर झाला तर तो जुन्याच वेळेने उठतो, आणि कॅसांड्रात खरं कुणाचं हे शेवटी वेळेच्या शिक्क्यावरच ठरतं. घड्याळाचं छोटं मॉड्यूल स्वस्तात मिळतं, सेन्सरवाल्याला सांगून बसवून घ्या. त्याच्याशी बोलायला निमित्तही होईल.

उरलं पोस्टग्रेस. मनातलं सांगू का? तुम्हाला कॅसांड्राची गरज नव्हती. ९६ माग, पाच सेकंद, म्हणजे सेकंदाला १९ नोंदी. साधा एक पोस्टग्रेस हे झोपेत करतो. शिवाय चुकीची की तिथे दिली असती तर पहिल्याच दिवशी ‘डुप्लिकेट की’ म्हणून त्याने आरडाओरडा केला असता आणि विणकरांचे पैसे वाचले असते. तीन सर्व्हर असल्यावर एक पडला तरी काम चालतं, हे खरं. पण तुमचे तिन्ही एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर आहेत. यूपीएस गेला की तिघे एकदम जाणार, मग तीन कशाला?

तरीही आत्ता जाऊ नका. आज पळालात तर घाईत तीच की तिकडे न्याल, आणि शिवाय एक नवी भाषा अंगावर घ्याल. वर सांगितलेली प्रश्नांची यादी दोन्हीकडे लागणारच आहे. आधी इथे दुरुस्त करा, दोन महिने शांत जाऊ द्या. मालक आणखी तीन शेड जोडायचं म्हणतात ते नुसतं बोलणं आहे की खरं, तोवर कळेल. शेड आल्या आणि सर्व्हर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवता आले तर कॅसांड्रा राहू दे. नाही आल्या तर उन्हाळ्यात पोस्टग्रेसवर जा, सावकाश.

बदल करायला गड्ड्याचेच दिवस धरा. अक्षता आणि होमाच्या दिवशी निम्मे कामगार सुटीवर असतात असं तुम्हीच लिहिलंय. आजपासून जुन्या टेबलाबरोबर नव्या टेबलांतही लिहायला सुरुवात करा, स्क्रीन जुन्यावरच राहू दे. डब्यांच्या एसडी कार्डावर दसऱ्यापासूनच्या सीएसव्ही फाइली आहेत हे वाचून मला फार बरं वाटलं. एका मागाची एक फाइल आहे, त्यामुळे त्यात काहीच पुसलेलं नाही. त्या सगळ्या नव्या टेबलांत चालवा. मध्येच बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून चालवा, की बरोबर असल्यामुळे तीच ओळ त्याच जागी बसेल, दुप्पट होणार नाही. फक्त टीटीएल ओळ लिहिल्यापासून मोजला जातो, म्हणून जुन्या ओळींना उरलेल्या दिवसांचाच द्या. मग एक एक पार्टिशन मोजा: माग आणि दिवस देऊन काउंट घ्या, १७,२८० च्या जवळ यायला हवा. सबंध टेबलाचा काउंट घेऊ नका, ते पुन्हा चाटी गल्लीत शिरणं होईल.

इतर वाचकांपैकी कुणी पाण्याच्या मीटरचं, शाळेच्या हजेरीचं, कुरियरच्या पार्सलांचं असं काही बांधत असेल, तर टेबल करण्याआधी एका कोऱ्या कागदावर फक्त प्रश्न लिहा, कोण विचारणार आणि दिवसातून कितीदा तेही लिहा. मग प्रत्येक कीबद्दल स्वतःला विचारा: याच कीच्या दोन खऱ्या गोष्टी एकाच वेळी घडू शकतात का? घडू शकत असतील तर की अपुरी आहे. आणि पार्टिशन वर्षभरानंतर किती मोठं होईल याचा गुणाकार आजच करा, पेन्सिलने.

मालकांशी बोलण्याचं राहिलं. ‘डेटा मॉडेल चुकलं’ म्हणू नका, त्यांना ते ‘मशीन खराब आहे’ असं ऐकू येईल. ‘वही चुकीच्या क्रमाने लावली होती, माझी चूक, आता लावून घेतो’ म्हणा. वहीची भाषा त्यांना कळते. त्याच बैठकीत इन्सेंटिव्हचं सांगा, आणि आकड्यासकट सांगा. सीएसव्हीतून नव्याने काढलेल्या दहा आठवड्यांच्या बेरजा आणि दिलेल्या बेरजा, मागवार, शेजारी शेजारी. हा कागद वडिलांकडून तपासून घ्या. त्यांच्या वहीत कधी पैसा चुकला नाही असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, चुकत असेल, पण दिवसाअखेर मेळ बसेपर्यंत ते घरी आले नसतील. तुमच्याही हातात मेळ होता. तुम्ही दोन आकडे शेजारी ठेवून फरक काढला होता, फक्त त्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारलात.

फरकाची रक्कम मोठी नसेल. मालक ‘राहू दे आता’ म्हणण्याची शक्यता आहे. तसं झालं तर तो निर्णय त्यांचा, पण कागदावर तारीख घालून एक प्रत तुमच्याकडे ठेवा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काढा.

सेन्सरवाल्याला आधी फोन करा, मालकांच्या आधी. आणि नव्या टेबलात पहिल्या पूर्ण दिवसाचा काउंट १७,२८० च्या आसपास आला नाही, तर कोणत्या मागाचा, किती कमी आणि त्या दिवशी वीज गेली होती का, एवढं लिहून मला कळवा.